फ्लेक्सवरचा आत्मा

मामा,

तुमच्या फ्लेक्सवरची शेवटची ओळ मी ब्लेडनं कापली. ताडकळसच्या चौकात, बाजाराच्या दिवशी, लोक हातात मेथीच्या जुड्या धरून बघत असताना. हे आधीच सांगून टाकते. मागं ठेवलं तर माझी लेखणी ते सफाईनं गाळील. तिला ती सवय आहे.

तुम्ही गेल्यावर मामीनं तो फ्लेक्स करून घेतला होता. आपल्याकडं माणूस गेला की चौकात त्याचा फ्लेक्स लागतोच, तसा. फ्लेक्सवाल्यानं तुम्हाला निळा कोट आणि लाल टाय घातला होता. मागं ढग, दोन्ही बाजूंना समया, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. तुम्ही बघितला असता तर म्हणाला असता, "हा इमा-पॉलिशीचा एजंट कोण म्हणायचा?" मी हसले नाही. माझी नजर सरळ खाली गेली, तुमच्या नावाखाली : 'त्यांच्या आत्म्यास शांती लाभो.'

आत्म्यास! ज्या माणसानं ह्याच चौकात, स्वतःच्याच भोंग्यावरून, "आत्मा नावाची वस्तू आणून दाखवा आणि माझं सगळं दुकान उचलून न्या" असं आव्हान दिलं होतं, त्याच्या. समोरच्या कटलरीच्या गाड्यावरून मी ब्लेड घेतलं आणि फ्लेक्सच्या बांबूला टेकून ती ओळ सरळ रेषेत कापून काढली. घडी घालून पिशवीत ठेवली. ह्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

आपल्या अंधश्रद्धाविरोधी चळवळीतल्या मंडळींनी मला अंकासाठी हा लेख लिहायला सांगितलाय. "दोन पानं दे, बाणेदार लिही, आणि तो फ्लेक्सचा किस्सा आलाच पाहिजे." किस्सा देतेय. फक्त तो वाचून कुणी टाळी वाजवू नये, एवढी माझी विनंती आहे. टाळ्या एकदा वाजून झाल्यात. त्या कुठं वाजल्या तेही पुढं येईलच.

ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं. तुम्ही माझ्या आईचे भाऊ. ताडकळसला तुमचं माईकचं दुकान. लग्न, सप्ताह, जयंती, निवडणूक, कुणाचाही आवाज तुम्ही मोठा करून द्यायचात आणि स्वतःचं म्हणणं मात्र कागदावर छापायचात. वालूरकडच्या आमच्या वस्तीवर प्राथमिकच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून आईनं मला तुमच्या घरी ठेवलं. शाळेतून आले की मी दुकानात दोन भोंग्यांच्या मधल्या सांदीत बसून पत्रकांच्या घड्या घालायचे. पिवळा, गुलाबी, पातळ कागद. हाताला शाई लागायची. करणी, भानामती, अंगात येणं, मूठ मारणं, सगळ्यांच्या विरुद्ध. दुसऱ्या पोरी चिमणी-कावळ्याच्या गोष्टी वाचून शहाण्या झाल्या. मी पत्रकं वाचून झाले. शाळेत बाईंनी 'माझी आई' ह्या विषयावर निबंध लिहायला सांगितला, तर मी शेवटी लिहिलं होतं, 'तरी बंधू-भगिनींनो, विचार करा!' बाई ती वही घेऊन दुकानात आल्या. तुम्ही वाचलं आणि हसता हसता खुर्चीवरून खाली बसलात. मग डोळे पुसून बाईंना म्हणालात, "चूक काहीच न्हाई की. फक्त आईवर लिहायचं राहून गेलंय."

आईवर लिहायचं राहून गेलंय. हे तुम्ही तेव्हाच ओळखलं होतं मामा. माझ्या लिहिण्यात घोषणा असते, माणूस राहून जातो.

तुम्ही मला म्हणायचात, मामाला तू म्हण, समता घरातून सुरू होती. मला ते कधी जमलं नाही. आजही 'तुम्ही'च येतंय.

एका रूढीवर मात्र मी कधी पत्रक लिहिलं नाही. आपल्याकडं भाचीच्या पाया पडतात. मामा पडतो, मामी पडते. भाचीनं मात्र त्यांच्या पाया पडायचं नाही, त्यांचं उष्टं उचलायचं नाही. तिला शिवी द्यायची नाही, तिच्यावर हात उगारायचा नाही. उगारला तर हात झडतो. तुमच्या घरात, मामीची तुळस सोडली तर, एक देव नव्हता, पण भाची होती. दिवाळीला तुम्ही मामीचं मन राखायला माझ्या पायाशी वाकायचात आणि वर येताना डोळा मारून म्हणायचात, "रूढी हाय, मान्य हाय. पर वाकल्यानं कंबर मोकळी होती." मामीसाठी ती गंमत नव्हती. मी दूध उतू घालवलं, तिनं गॅस बंद केला. मी तिची नवी साडी वाळत घालताना तारेला फाडली, तिनं ती शिवली. माझ्या मैत्रिणी घरोघरी मार खायच्या, शिव्या खायच्या. मला तिनं कधी 'अगं मूर्खे' सुद्धा म्हटलं नाही. मला वाटायचं, मामीचा स्वभावच गरीब. तिच्या गप्प बसण्याच्या खाली एक विश्वास आहे आणि त्या विश्वासाच्या सावलीत मी मोठी होतेय, हे ध्यानातच आलं नाही. सगळ्या रूढींवर तुटून पडले. जी माझ्या सोयीची होती, ती मला रूढी वाटलीच नाही.

आपला शेवटचा वाद आठवतो का तुम्हाला? आठवत असेल असं लिहिणंसुद्धा आता चूक आहे. तरी लिहिते.

तुम्ही दुकानात खुर्चीत बसला होतात. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून तुमची झोपही खुर्चीतच चालली होती. मी माझं नवं पत्रक वाचून दाखवत होते : 'आत्मा : कुणालाच न सापडलेली वस्तू'. तेवढ्यात सप्त्याचे बापूराव भोंगे सांगायला आले.

"बापूराव, या. आमच्या भाचीनं तुमचा आत्मा काढलाय."

"काढू द्या की. फक्त सप्ता झाल्यावर काढ म्हणावं. भोंगे चार लागतेत आपल्याला."

"कीर्तन कशावर हाय औंदा?"

"आत्म्यावरच. तो मरत न्हाई, जळत न्हाई, भिजत न्हाई."

"मग भोंग्यावर ताडपत्री टाका. ते भिजतेत."

बापूराव हसत गेले. मी मात्र धुमसत होते. म्हटलं, मामा, तुम्ही ह्यांना हसत हसत सोडून देता. तुम्ही पत्रक माझ्या हातातून घेतलं, डोळ्यांजवळ धरलं आणि विचारलं, "ह्याच्यातला आत्मा कुणाचा हाय?"

"कुणाचा म्हणजे?"

"बापूरावाचा आत्मा मरत न्हाई. भगताचा आत्मा झाडावर बसून लोकाला छळतो अन् कोंबडं मागतो. परभणीचे दुरुस्तीवाले चाचा अँप्लिफायर उघडून म्हणतेत, इसकी रूह निकल गई. मी म्हणतो, टाका दुसरी. टाकतेत, अन् ते बोलायलाही लागतं. तुझ्या मामीचा आत्मा हितं हाय, बरगडीखाली. पाव्हणा पोटभर जेवला की तिचा थंड होतोय. कोणी तिला टाकून बोललं की जळतोय. ह्या समद्यांला एकाच काठीनं हाणायलीस तू."

"सगळे खोटेच आहेत, मामा."

"असतील. पर आधी निवड तर. तूर अन् खडे संगंच भरडायलीस."

मी म्हणाले, शब्द ठेवला की त्याच्या मागून भगत आत येतो. आत्मा, प्राण, जीव, हे सगळे शब्द आपण आपल्या पत्रकांतून हद्दपार केले पाहिजेत. तुम्ही मान हलवलीत.

"कर की. मग 'मामीनं भाचीला जीव लावला' ह्याला काय लिहिशील? मामीनं भाचीला मेंदू लावला?"

आत चहा गाळता गाळता मामी फसकन हसली. मला राग आला, तुमचा कमी, तिचा जास्त. तिनं कप आणून ठेवले. "घ्या. भांडून भांडून आत्मे कोरडे पडले आसतील दोघांचे." मी कपाकडं न बघता म्हणाले, "मामी, तुमाला ह्यातलं काही कळत नाही, तुमी मधी बोलू नका." ती गाळणं धुवायला आत गेली. भाचीला उलट बोलायचं नसतं.

तुम्ही तेव्हा माझ्याकडं बघितलंत. मी म्हणाले, रविवारी येते, मग बोलू. तुम्ही म्हणालात, "ये की. मी कुठं जायलोय." रविवार यायच्या आधीच तुम्ही गेलात, आणि वाद तसाच राहिला. तुमच्या बाजूनं तो संपलाय. माझ्या बाजूनं आता कुठं सुरू होतोय.

तुम्ही सगळ्यांसमोर, मोठ्यानं, कितीदा तरी सांगून ठेवलं होतं, माझ्यामागं काही करायचं नाही. मामीनं तुमचा शब्द असा पाळला की आपली मंडळीसुद्धा चाट पडली. तिचा भाऊ चारठाण्याहून आला आणि म्हणाला, "अक्का, लोकं काय म्हणतील? दहाव्याला कावळा तरी शिवू दे." ती म्हणाली, "त्यांनी सांगितलं तसंच व्हईल." कुणी तिच्या बांगड्यांना हात लावायला पुढं आलं, तिनं हात मागं घेतला. "ह्यांला आवडायचं न्हाई." दहावा नाही, तेरावा नाही, पिंड नाही, डोई भादरणं नाही. जी बाई तुळशीला पाणी घातल्याबिगर तोंडात घास घालत नाही, तिनं हे केलं. आम्ही ती बातमी आमच्या ग्रुपवर टाकली : 'क्रांतिकारक पाऊल!' मीच लिहिली.

इतकं सगळं तिनं सोडलं मामा. एक ओळ ठेवली. ती मी कापली.

आणि का कापली? तत्त्वासाठी, असं मी दोन दिवस स्वतःला सांगितलं. खरं हे की त्याच दुपारी शाळेच्या पटांगणात आपली अभिवादन सभा होती. परभणीहून वक्ते यायचे होते. चौकातूनच येणार. त्यांनी ती ओळ वाचली असती आणि म्हणाले असते, काय हे, घरातच अंधार. तुमच्या विचाराला धक्का लागत होता म्हणून माझा हात ब्लेडकडं गेला नाही. मला माझी लाज वाटत होती, पाहुण्यांपुढं. तुमचं नाव मी त्या लाजेवर पांघरुणासारखं टाकलं.

सभेत माझी पाळी आली. मी पिशवीतून ती फ्लेक्सची पट्टी काढली आणि वर धरली. म्हणाले, "मामांच्या फ्लेक्सवर ही ओळ छापली गेली होती. आज सकाळी मी ती माझ्या हातानं कापली. मामांना हेच खरं अभिवादन!" टाळ्या वाजल्या. मोठ्या वाजल्या, कारण माईक तुमच्याच दुकानातला होता आणि समोर आवाज नीट पोचत होता. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर मामी बसली होती. तिच्या शेजारची बाईही टाळ्या वाजवत होती. मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

सभेनंतर सगळे घरी चहाला आले. तिनं चहा केला. सगळ्यांना दिला, मलाही दिला. मंडळी गेल्यावर मी कप गोळा करायला वाकले, तर तिनं माझ्या हातातून ट्रे काढून घेतला. "राहू दे माय. भाचीनं उष्टं उचलू न्हाई." त्या दिवसभरात ती माझ्याशी एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर घराला कुलूप होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पहिल्या गाडीनं चारठाण्याला गेली, भावाकडं. तुला सांगितलं न्हाई?"

मी तरी ताठ होते. मला वाटलं, रुसली. रुसवा निघेल. फ्लेक्सला खाली भोक पडलंय ते बरं दिसत नाही, म्हणून त्या ओळीशिवाय नवा फ्लेक्स करून घ्यावा म्हणून मी फ्लेक्सच्या दुकानात गेले. तिथल्या माणसानं मला बघून कॉम्प्युटरवरची मान वर केली.

"ताई, ओळ काढायची होती तर मला सांगायचं. ब्लेड कशाला? मामीनं बी एखाद-दुसरा शब्द काढायला लावला, तर काढून दिला की."

"कोणता शब्द?"

"आमचं मॅटर ठरलेलं राहतंय : 'ईश्वर त्यांच्या मृतात्म्यास शांती देवो.' मामी म्हणली, वाचून दाखव. वाचलं. म्हणली, ईश्वर काढ, ह्यांला चालत न्हाई. मी म्हणलं, मामी, ईश्वर काढला तर शांती देणार कोण? तर लय येळ इचार केला तिनं. मग म्हणली, कोणी देऊ नको, नुसतं 'लाभो' लिही. अन् 'मृत' बी काढ."

तो हसत होता. त्याला ती गंमत वाटली होती.

मामा, तिनं संपादन केलं होतं. छापील वाक्य समोर ठेवून, कोणता शब्द तुम्हाला चालेल, कोणता नाही, कोणता गाळला तर तिचं काम भागेल, हे तिनं निवडून पाहिलं होतं. 'ईश्वर' तुमच्यासाठी सोडला. 'आत्मा' स्वतःसाठी ठेवला. मी चौकात उभी राहून ती ओळ वाचलीच नव्हती. मी फक्त शब्द ओळखला आणि झडप घातली, पोलिसानं यादीतलं तोंड ओळखावं तशी. नवा फ्लेक्स करायला सांगायची मला हिंमत झाली नाही. तशीच बाहेर पडले आणि परभणीची गाडी धरली, तिथून जिंतूर, तिथून चारठाणा.

मामीच्या भावाचं घर गावाच्या कडेला, देवळांच्या पलीकडं. मेंढरं रानात गेली होती, मागं नुसती कोकरं. अंगणात तिची भावजय चूल सारवत होती. मला बघून तिनं हात धुतले, पाणी दिलं, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "रुसून आली म्हणून आलीस का?"

"हो."

"रुसायला ती काय नवी नवरी हाय? मी इचारलं तिला, अक्का, अशी कामून आलीस? तर म्हणली, आत्मा लय तळतळायलाय माझा. तिथं भाचीसमोर बसून तळतळले तर लेकराला लागंल. हितं दूर बरं."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तळतळाटावर आपण पत्रक काढलंय, मामा. दुखावलेल्या माणसाची आग उठते आणि ज्यानं दुखावलं त्याला बाधते, ह्या समजुतीवर. 'तळतळाट लागत नाही, न्याय मागा', असा मथळा मीच दिला होता. आणि इथं एक बाई स्वतःच्या रागापासून मला वाचवायला घर सोडून निघून गेली होती. मी जे मानत नाही, त्याच्यापासून मला वाचवायला.

मामी घराच्या मागं होती. एका कोकराला मांडीत धरून बाटलीनं दूध पाजत होती. मला बघून दचकली आणि पहिलं काय केलं, तर तोंड दुसरीकडं फिरवलं. आता मला कळलं, का ते. नजरही लागू नये म्हणून.

"मामी," मी म्हणाले, "असलं काही नसतं. मला काही होणार नाही. तुमी मला शिव्या द्या. चार लोकांत द्या."

"तुला काही व्हणार न्हाई, म्हाईत हाय मला. तुझ्या मामांनी काय कमी सांगितलंय का?"

"मग?"

"अन् झालं तर?" कोकरू दूध ओढत होतं, ती त्याच्याकडं बघूनच बोलत होती. "आता इचारायचं बी कुणाला?"

मी खाली बसले. मग ती आपणहून बोलायला लागली. मी ते इथं जसंच्या तसं लिहिते, माझा एक शब्द न घालता.

"ते आडवे व्हत नव्हते ना गं. खुर्चीत बसून ऱ्हायचे. मी मागं बसायची, पाठीला हात लावून. आत काहीतरी फडफडायचं. हाताला लागायचं माझ्या. ते म्हणायचे, फुप्फुसात पाणी झालंय, डॉक्टरनं सांगितलंय तुला. आसंल पाणी. मी कुठं न्हाई म्हणते. पर ते जे तडफडत व्हतं, ते त्यांचंच व्हतं न्हवं? त्याला मी काय म्हणू? त्याला शांती मिळू दे, एवढंच लिहिलं व्हतं मी."

मामा, मला उत्तर माहीत होतं. हृदय क्षीण झालं की पाणी साठतं, श्वास तुटतो, छातीत तशी धडधड जाणवते. मी ते समजावून सांगू शकले असते, चित्र काढून. ते खरं आहे आणि आजही खरंच आहे. पण तिनं कारण विचारलंच नव्हतं. तुमच्या पाठीवर हात ठेवून जी बसली होती ती मामी होती. मी तेव्हा पत्रकाचा खर्डा दुरुस्त करत होते, आणि तिच्या तळहाताला जे लागत होतं त्याच्याविषयी, 'कुणालाच न सापडलेली वस्तू' असं लिहीत होते.

तुम्ही विचारलं होतंत, ह्यातला आत्मा कुणाचा हाय. मी उत्तर दिलं नव्हतं. मामीचा नव्हता, मामा. मामीचा मला माहीतच नव्हता. ज्या घरात मी वाढले, त्या घरातला एवढा एकच अर्थ माझ्या पत्रकात आला नव्हता.

मी विचारलं, "मी ती ओळ परत लावून घेऊ?"

"नको. आता लोक ती वाचणार न्हाईत. तुझं-माझं वाचतील."

हे तिनं रागानं नाही सांगितलं. जे आहे ते सांगितलं. एकदा कापलेलं पुन्हा छापता येतं, पण ते पहिल्यासारखं कुणी वाचत नाही, हे मला, पत्रकं छापण्यात निम्मं आयुष्य घालवलेलीला, तिच्याकडून कळलं. निघताना मी तिच्या पायाशी वाकले, तर ती झटक्यानं मागं सरली. कोकरू ओरडलं. "आसं करू नको माय," ती कळवळून म्हणाली, "अजून कामून मला पापात घालतीस?" माफी मागायचीसुद्धा सोय राहिली नाही. माफी मागणं हेही पुन्हा माझ्याच मनाच्या समाधानासाठी होतं, तिच्यासाठी नव्हतंच.

"मग घरी चला तरी," मी म्हणाले.

"येईन."

"कधी?"

"निवल्यावर."

आपल्या वाचकांना आता वाटत असेल, ही पोरगी ढिली पडली. नाही. भगत अजून आपल्या गावात आहे, अजून तो बाळंतिणीच्या खाटेखाली लिंबू ठेवून तिच्याच घरचं कोंबडं खातो, आणि मी त्याच्याविरुद्ध लिहीतच राहीन, आणखी धारदार. आत्मा नावाची वस्तू शरीर सोडून कुठं जात नाही, असं मी आजही छातीठोक सांगते. तुम्ही कुठंच नाही आहात, मामा. हे वाक्य लिहिताना मला काय होतं, त्याला माझ्याकडं अजून शब्द नाही. मामीकडं आहे. पण तो मागायला जायचं माझं तोंड नाही. ते पत्रक मी छापायला दिलेलं नाही. तूर आणि खडे निवडायला बसलेय. तुम्ही असतात तर समोर बसून निवडलं असतंत आणि मधून मधून एखादा खडा माझ्यावर फेकला असतात.

तुमचे आभार मानायचे तर मामा, एका गोष्टीचे. तुम्ही मला हसत हसत हरवायचात. मी माणसाला हरवलं की त्याच्यापुढं टाळ्या घेते. एवढा फरक तुमच्या शिकवणीत आणि माझ्या शिकण्यात पडला आणि तो भरून काढायला तुम्ही नाही.

सध्या दुकान मीच उघडते. बापूरावांचे भोंगे परत आले, पुसून ठेवले. चारठाण्याला रोज फोन करते, भावजय उचलते, म्हणते, "बरी हाय. जेवायलीय. अजून न्हाई निवली." मी विचारते, उद्या? ती म्हणते, "आता ते का कुणाच्या हातात हाय?" मग मी फोन ठेवते. परभणीची गाडी चौकात थांबली की हातातलं काम तसंच टाकून उठते, उतरणारी माणसं बघते, आणि परत येऊन बसते. आत्मा नसतो असं लिहिणारी तुमची भाची, मामीचा आत्मा निवायची वाट बघत बसलीय. तो केव्हा निवेल हे कुठल्याच पत्रकात छापलेलं नाही, आणि तो निवायच्या आत मामीनं यावं असं म्हणायचा मला हक्क नाही.